मुलांच्या प्रगतीचे मोजमाप

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



ज्याने उभी हयात खडू-फळ्याच्या सहवासात घालवली, त्यास एकदा बोलावयास उभे केले म्हणजे तास संपल्याची घंटा दुसऱ्या कोणास तरी वाजवावी लागते. ती जबाबदारी अध्यक्ष महाराजांवर सोपवून आम्ही विषयास हात घालतो.

गेल्या वर्षी आम्ही उभयता काही महिने अमेरिकेत आमच्या मुलीकडे राहून आलो. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुले-सुना आज परदेशी आहेत व नातवंडे तिकडील शाळांतून शिकत आहेत, म्हणून पुढील हकिकत आपणांस परकी वाटणार नाही. आमची नात तेथे चौथीत, पब्लिक स्कूलमध्ये शिकते. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट फी घेणारी शाळा डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेत मात्र त्या शब्दाचा अर्थ लोकांच्या करातून चालणारी, गावच्या शिक्षण मंडळाच्या देखरेखीखालील, विनाशुल्क सार्वजनिक शाळा असा आहे. एके दिवशी ती पोर शाळेतून आली ती डोळे पुसतच. जवळ घेऊन विचारले तेव्हा म्हणाली, “आजोबा, आज कॉम्प्युटरवर गणिताची परीक्षा होती. मला निम्मे प्रश्न आलेच नाहीत.”

निम्मे प्रश्न! आमच्यातील जुना मास्तर खडबडून जागा झाला. आम्ही मुलीस म्हटले, “अगं, पोरीच्या अभ्यासाकडे जरा लक्ष दे.” त्यावर ती हसून म्हणाली, “बाबा, ती परीक्षा तशीच असते. वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलाचेही जवळजवळ निम्मेच प्रश्न बरोबर येतात, आणि सगळ्यांत मागे असलेल्याचेही निम्मेच.”

हे ऐकून आम्ही चकित झालो. सर्वांचेच निम्मे प्रश्न बरोबर येणार असतील तर ती परीक्षा कसली? नातीच्या शिक्षिकेस भेटून, व पुढे जे मिळेल ते वाचून, आम्ही या कोड्याचा उलगडा करून घेतला. त्यातून जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या या गुणगौरव समारंभाशी पोहोचतो.

आपणांपैकी अनेकांनी गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड पाहिला असेल. आरंभी लहान पोरांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात, मग चढत्या क्रमाने मोठ्या जोडी लागतात. जोड लावणारा जाणता मनुष्य दोघांचे दंड, छाती, वय न्याहाळतो व तोलास तोल असेल तरच हात मिळवू देतो. विषम जोड लागली तर निकाल आधीच ठरलेला असतो आणि कोणाचेच खरे बळ कळत नाही. मल्लाची ताकद किती हे बरोबरीच्या मल्लाशी झुंजतानाच उमगते.

आता आपल्या लेखी परीक्षेकडे पाहा. वर्गात चाळीस मुले असतात व सर्वांपुढे एकच प्रश्नपत्रिका येते. पहिल्या बाकावरील मुलास ती पोरखेळ वाटते, शेवटच्या बाकावरील मुलास डोंगरासारखी भासते. पहिल्याला शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळतात. परंतु त्याहून कठीण प्रश्न घातले असते तर तो कोठवर गेला असता, हे आपणांस कळत नाही. शेवटच्याला बारा गुण मिळतात. त्याला भागाकार येत नाही एवढे समजते, पण गुणाकार येतो की नाही, बेरजेतील हातचा समजला आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही. दोघांचीही जोड विषमच लागलेली असते.

अमेरिकेतील ही चाचणी नेमके जोड लावण्याचे काम करते. तिकडे तिला ‘अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्ट’ म्हणतात. आपण तिला ‘अनुरूप चाचणी’ म्हणू. संगणक प्रथम मध्यम कठीण प्रश्न पुढे ठेवतो. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न किंचित कठीण, चुकले की किंचित सोपा. असे वरखाली होत होत थोड्याच वेळात मूल अशा ठिकाणी पोहोचते की जेथे त्याचे निम्मे प्रश्न बरोबर येतात व निम्मे चुकतात. तीच त्याची आजची पातळी होय. वाणी वजनाची मापे टाकत व काढत काटा मध्यावर आणतो, तसाच हा प्रकार आहे. आमच्या नातीचे निम्मे प्रश्न चुकले याचा अर्थ काटा मध्यावर आला, इतकाच होता. आम्ही तिला तसे समजावून सांगितले तेव्हा कोठे तिची कळी खुलली.

ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. पॅरिस येथील आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली आपले सहकारी सिमाँ यांच्यासह मुलांसाठी चाचणी रचली, तीत प्रश्न चढत्या काठिण्याने लावलेले असून परीक्षक मुलाच्या वकुबाप्रमाणे वर अथवा खाली सरकत असे. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांस मदत कोठे हवी, हे शोधण्याकरिता त्यांनी तो खटाटोप केला होता. पुढे अमेरिकेतील फ्रेडरिक लॉर्ड यांनी 1952 च्या सुमारास व डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी 1960 साली या विषयास गणिताचा पाया दिला. राश यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य ही दोन्ही एकाच पट्टीवर मोजता येतात. ज्या प्रश्नाचे काठिण्य मुलाच्या क्षमतेइतके असेल, तो सुटण्याची शक्यता निम्मी. प्रश्न जितका खाली तितकी ती अधिक, जितका वर तितकी कमी.

प्रत्येक उत्तरानंतर ही गणिते पुन्हा मांडून पुढचा प्रश्न निवडणे माणसास वेळेत जमण्यासारखे नव्हते. ते संगणकामुळे जमले. अमेरिकेच्या वायव्य भागातील ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील शाळामंडळांनी 1977 साली मूल्यमापनासाठी एक संस्था स्थापन केली, व 1980 नंतरच्या दशकात पोर्टलंड शहरातील शाळांतून संगणकावरील अनुरूप चाचण्यांचे प्रयोग झाले. त्यातून निघालेल्या चाचणीतील एककास राश यांच्याच नावावरून ‘रिट’ असे नाव पडले आहे. प्रश्नांचा साठा हजारोंनी असतो व प्रत्येक प्रश्न आधी पुष्कळ मुलांकडून सोडवून घेऊन त्याचे काठिण्य ठरवलेले असते.

आपल्या विषयाचा खरा गाभा आता येतो. घरोघरी दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा केलेल्या आपण पाहतो. चौकट तीच असते, म्हणूनच यंदा पोरगा दोन बोटे वाढला हे कळते. दरवर्षी चौकट बदलली तर? आपल्या टक्क्यांचे तसेच आहे. मुलाला तिसरीत साठ टक्के मिळाले आणि चौथीतही साठच, तर तो पुढे गेला की जागीच राहिला? उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नपत्रिका निराळी, परीक्षक निराळे, अभ्यासक्रमही निराळा. अनुरूप चाचणीत इयत्ता बदलली तरी पट्टी तीच राहते. समजा एखाद्या मुलाचा आकडा वर्षारंभी 185 होता व वर्षाअखेरीस 200 झाला, आणि दुसऱ्याचा 220 होता तो 223 झाला. गुणानुक्रमे दुसरा आजही पुढेच आहे. परंतु वर्षभरात अधिक वाट कोणी चालली? पहिल्याने. ही गोष्ट आपल्या प्रगतिपुस्तकात कोठेच उमटत नाही. त्याचे नाव तेवढे ‘प्रगतिपुस्तक’ असते.

या भेदाचे महत्त्व अमेरिकेस अनुभवाने कळले. 2002 च्या जानेवारीत तेथे जो शिक्षणविषयक कायदा झाला, त्याच्या नावाचाच अर्थ ‘एकही मूल मागे राहू नये’ असा होता. तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी प्रत्येक मुलाची वाचन व गणित यांत परीक्षा घ्यावयाची, ठरावीक रेषेपलीकडे किती मुले गेली ते मोजावयाचे, व शाळा उणी पडल्यास तिच्यावर कारवाई करावयाची, अशी योजना होती. हेतू चांगला होता. परंतु रेषा एकच ठरल्यामुळे अनेक ठिकाणी शिक्षकांचे लक्ष रेषेच्या अगदी खाली असलेल्या मुलांवर केंद्रित झाले. जी फार खाली होती ती यंदा रेषा ओलांडणार नाहीत, आणि जी वर होती ती ओलांडून बसलीच आहेत, म्हणून दोघांकडेही दुर्लक्ष! पाचवीतील एखादे मूल दुसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आले, तरी कायद्याच्या हिशेबी ते नापासच. 2015 च्या डिसेंबरात त्या कायद्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली व त्यात राज्यांना अनुरूप चाचण्या वापरण्याची स्पष्ट मुभा मिळाली. त्याच वर्षी वसंत ऋतूत कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनी मिळून तयार केलेली तशी चाचणी प्रथमच शाळांतून रीतसर घेण्यात आली. तीत संगणकाने निवडलेल्या प्रश्नांबरोबर मुलाने स्वतः विचार करून सविस्तर उत्तर लिहिण्याचाही भाग ठेवला आहे.

येथवर ऐकून, हे यंत्र म्हणजे सर्व दुखण्यांवरील रामबाण उपाय, असा कोणाचा समज झाला असेल तर तो आम्ही दूर करू इच्छितो. सिअ‍ॅटल शहरातील गारफील्ड हायस्कूलच्या शिक्षकांनी 2013 च्या जानेवारीत ही अनुरूप चाचणी घेण्याचेच नाकारले. ती आम्ही शिकवतो त्याशी जुळत नाही, तिच्यासाठी संगणककक्ष व ग्रंथालय दिवसचे दिवस अडून राहतात, आणि तिच्यावरून शिक्षकांची पारख करणे अन्यायाचे आहे, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. शिवाय प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच. वरच्या इयत्तांत मुलाची अपेक्षित वाढ त्या चुकीहूनही लहान असते, मग वाढ झाली की आकडा नुसता हलला हे कसे ओळखावे, हाही त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथील अधिकाऱ्यांनी हायस्कुलांपुरती ती चाचणी ऐच्छिक केली. ताप मोजण्याचे साधन उत्तम म्हणून त्याने कोणी घराची लांबी मोजू लागला तर दोष साधनाचा नव्हे. मुलास मदत करण्याकरिता केलेली चाचणी शिक्षकाच्या पगाराशी वा शाळेच्या अब्रूशी बांधली की तिचे इमान बिघडते.

आणि मुलाचे अक्षर, निबंध, वक्तृत्व, प्रामाणिकपणा, भावंडांना दिलेला हात, या गोष्टी कोणत्याच पट्टीवर चढत नाहीत. त्या पाहण्यास माणसाचीच नजर लागते.

तथापि या पद्धतीतील सार घेण्यास संगणकच हवा असे नाही, आणि याचा पुरावा आपल्याच घरी आहे. 1995 साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून देशभरच्या खेड्यांतून मुलांच्या वाचनाची व गणिताची पाहणी होत आली आहे. तिचे वाचनाचे साधन म्हणजे छापील मजकुराचा एक साधा कागद. स्वयंसेवक मुलाच्या घरी जातो व प्रथम पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद वाचावयास देतो. तो वाचता आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही आला तर सुटे शब्द. तेही न जमले तर अक्षरे. मूल कोणत्याही इयत्तेत असो, कागद तोच. वीज नाही, यंत्र नाही, परंतु तत्त्व बिनेचेच. पुढे याच धोरणाने मुलांचे इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची पद्धतही त्या संस्थेने रूढ केली. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेतही एकाच पडवीत कोणी धूळपाटीवर अक्षरे गिरवीत असे तर कोणी पावकी-निमकी म्हणत असे. ज्याचा त्याचा धडा निराळा असे. छडीची ती शाळा परत यावी असे आम्ही म्हणत नाही, पण तेवढे शहाणपण तीत होते.

आता आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती देण्यासाठीच हे भाषण आम्ही स्वीकारले, असे म्हटले तरी चालेल. पुष्कळ वर्षांपूर्वी ज्ञातीतील मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका समितीवर आम्ही होतो. नववीतील एका मुलाचा अर्ज आला. वडील वारलेले, आई घरी पापड लाटून संसार चालवीत असे. मुलाला अठ्ठावन्न टक्के गुण होते व आमचा नियम साठ टक्क्यांचा होता. अर्जासोबत मागील वर्षाची गुणपत्रिका जोडलेली होती, तीत बेचाळीस टक्के होते. आम्ही ती पाहिली आणि बाजूस सारली. “नियम सर्वांना सारखा,” असे म्हणून अर्जावर लाल शाईने ‘अपात्र’ लिहिणारा हात आमचाच होता. त्या मुलाची शाळा सुटली व तो एका गॅरेजमध्ये कामास लागला.

कित्येक वर्षांनी एका लग्नात तो भेटला. स्वतःचे गॅरेज काढले होते, चार माणसे हाताखाली होती. आम्हांस वाकून नमस्कार केला. जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, त्या वर्षी मी सोळा टक्के चढलो होतो. ते कोणी विचारलंच नाही.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आमच्या मनातून आजवर गेले नाही. दोन वर्षांच्या टक्क्यांची तुलना कच्ची असते हे आत्ताच आम्ही सांगितले. परंतु त्या कच्च्या पट्टीवरही जे ढळढळीत दिसत होते, ते पाहण्याची आम्हांस सवयच नव्हती. आमचे डोळे रेषेवर होते, वाटेवर नव्हते.

म्हणून ज्ञातिसंस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक नम्र सूचना मांडतो. टक्क्यांवर दिली जाणारी आजची पारितोषिके जशी आहेत तशीच चालू राहावीत. जो शिखराजवळ पोहोचला त्याला वर चढण्यास जागा थोडी उरते, त्याच्यावर अन्याय नको. त्यांच्या जोडीस ‘प्रगती पारितोषिके’ सुरू करावीत. आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक-शिक्षिका कमी नाहीत. त्यांनी वाचन व गणित यांच्या वीस-वीस पायऱ्या ठरवून प्रत्येक पायरीच्या पुरेशा चिठ्ठ्या तयार कराव्यात. जून महिन्यात मुलास समोर बसवून त्याची पायरी पाहावी व मार्चमध्ये पुन्हा, निराळ्या चिठ्ठ्या देऊन, पाहावी. मार्चमध्ये अधिक चढलेला दिसावा म्हणून एखादा चतुर जूनमध्ये मुद्दाम चुकेल, ही शंका आम्हांलाही येते. पण मूल समोर बसले की ते चुकते आहे की चुकवते आहे, हे जुन्या मास्तराच्या नजरेतून सुटत नाही. आणि पारितोषिक पुस्तकरूपाने असावे, म्हणजे लबाडीचा मोहही बेताचाच राहील.

या चिठ्ठ्यांचा निकाल फलकावर लावू नये, हे आमचे दुसरे मागणे. तो मुलाच्या आईबापांस व शिकवणाऱ्यास ठाऊक असावा, जेणेकरून कोणत्या पायरीवर हात द्यावयाचा ते कळेल. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यासाठी तो नाही. बिने यांनी मदतीसाठी रचलेली चाचणी पुढे लोकांनी मुलांच्या कपाळी शिक्के मारण्यासाठी वापरली. ती चूक आपण करू नये.

तिसरे मागणे पालकांजवळ आहे. परदेशी असोत वा येथे, आपले मूल “मला निम्मे आले नाही” म्हणत घरी आले, तर आमच्यासारखे एकदम डोळे वटारू नका. ते निम्मे कोठले, हे आधी विचारा. ज्या मुलाला सर्वच प्रश्न येतात, त्यास शिकण्याजोगे काही दिलेच गेले नसेल असाही संभव असतो.

बालमित्रांनो, आज ज्यांच्या हाती चषक येणार आहेत त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. ज्यांच्या हाती काही येणार नाही, त्यांच्यापैकी कोणी तरी यंदा सर्वांत लांबची वाट चाललेला असेल, हे आम्ही जाणतो. त्याचे नाव आज आम्हांस ठाऊक नाही. पुढील वर्षीच्या समारंभात ते या व्यासपीठावरून पुकारले जावे, एवढी व्यवस्था ज्ञातिसंस्थेने करावी, अशी आमची प्रार्थना आहे.